दिवेलागणीची 'घरी जायचंय'ची घालमेल
ताई, स्मृतिभ्रंश झालेल्या तुमच्या सासूबाई दिवेलागणीला पिशवी भरून 'घरी जायचंय' म्हणतात, तेव्हा 'हेच तुमचं घर' असं समजावत बसू नका. वाद घातला की त्या आणखी बिथरतील. 'जाऊ हं, आधी चहा घेऊ' म्हणा आणि मेथीची जुडी निवडायला पुढे ठेवा. ओळखीच्या कामात हात रमतात. अंधारायच्या आधीच ट्यूबलाइट लावा. सावल्यांनी त्या घाबरतात.

गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला, तर मात्र 'आजारच बळावला' असं धरून चालू नका. या वयात लघवीच्या संसर्गानेही असं होतं, कधी ताप न येता. लगेच डॉक्टरांना दाखवा. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तेही करून घ्या.

आणि रविवारची दुपार नणंदेकडे सोपवाच. आई त्यांचीही आहे.