क्राफ्टच्या दुकानात केक डेकोरेशन शिकवायचं काम कसं असतं? घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं घरी केक करताय, ओळखीतल्यांच्या ऑर्डरी घेताय आणि आता एका क्राफ्ट सामानाच्या दुकानाने आठवड्याला दोन क्लास घ्याल का म्हणून विचारलंय. ‘केक जमतात, पण अजून हात तेवढा सफाईदार नाही, शिकवायला लागू का?’ असं तुमचं म्हणणं. मी हे काम सहा वर्षं केलं, दोन वेगवेगळ्या दुकानांत. त्यावरून सांगते.

सफाईची काळजी सोडा. त्यावाचून अडत नाही. पहिल्या दुकानात माझ्याआधी ज्या बाई शिकवायच्या, त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी वरचा होता. पण त्यांच्याकडे पहिला कोर्स केलेलं माणूस दुसऱ्याला क्वचितच यायचं. त्या एका मिनिटात आयसिंगचा गुलाब करून दाखवायच्या, सगळे वा वा म्हणायचे, आणि मग स्वतःच्या पायपिंग बॅगा (आयसिंग भरून टोकातून दाबून काढायच्या पिशव्या) हातात घेतल्या की टेबलाभोवती सगळ्यांची तोंडं उतरायची. मी रुजू झाले तेव्हा माझंही तेच झालं, हे कबूल करते. पहिल्या क्लासला ‘असं दाबायचं, मग असं फिरवायचं’ यापलीकडे माझ्या तोंडून काही निघेना. हात सगळं जाणत होता, तोंडाला पत्ता नव्हता.

त्या रात्री घरी फ्लॉवर नेल घेऊन बसले (खिळ्याच्या डोक्यावर छोटी चकती असते ना, तेच) आणि गुलाब करता करता मोठ्याने बोलत गेले. आता मी काय करतेय? १०४ नंबरच्या नोझलचं (बॅगेच्या टोकाला बसवायची चोच) जाड टोक खाली, बारीक टोक वर. मध्ये आयसिंगचा छोटा शंकू, त्याच्याभोवती कळी. मग तीन पाकळ्या, त्यांच्या बाहेर पाच, त्यांच्या बाहेर सात. हे काय, कुठल्याही पुस्तकात असतं. पण बोलता बोलता लक्षात आलं की प्रत्येक पाकळीच्या शेवटी मी आधी दाबणं थांबवते आणि मगच नोझल उचलते. इतक्या वर्षांत हे मला माहीतच नव्हतं. नवीन माणूस नेमकं उलट करतं. दाबत दाबतच उचलतं, म्हणून पाकळीला शेपूट येतं, टिंबाला शेंडी येते, अक्षरांना लोंबणारे दोरे येतात. ‘थांबा, मग उचला’ एवढं एक वाक्य मी पुढची सहा वर्षं प्रत्येक क्लासमध्ये तीस-चाळीस वेळा बोलत आले, आणि माझ्या मते पायपिंगमधलं, म्हणजे बॅगेने आयसिंग काढण्यातलं, निम्मं शिकवणं तेवढंच आहे.

दुसरी गोष्ट मला एका डावखुऱ्या मुलीने शिकवली. तिची प्रत्येक पाकळी दुमडून कळीला चिकटत होती. मी समोर उभी राहून सांगतेय, नेल घड्याळाच्या उलट फिरव, आणि ती बिचारी इमानेइतबारे उलट फिरवतेय. पाचव्यांदा तसंच झाल्यावर तिचे डोळे भरून आले. तेव्हा कुठे मी बॅग डाव्या हातात घेतली, नेल उजव्या हातात, आणि स्वतः करून पाहिलं. कोबीचा गड्डा झाला. मग नेल घड्याळाच्या दिशेने फिरवला आणि पाकळी सुटून उभी राहिली. डावखुऱ्यांना नेल आपल्या उलट फिरवावा लागतो आणि केकच्या कडेची बॉर्डर उजवीकडून डावीकडे घालावी लागते. फक्त अक्षरं मात्र डावीकडूनच, ती काय उलटी लिहिणार! त्यानंतर दर नवीन बॅचच्या सुरुवातीला मी पहिलं विचारायचे, डावखुरं कोण आहे, आणि त्यांना माझ्या शेजारी न बसवता समोर बसवायचे. समोरून त्यांना माझा हात आरशातल्यासारखा दिसतो.

आणि हो, महिन्यातून एकदा दुसऱ्या हाताने पायपिंग करून पाहा. समोर बसलेल्याला काय वाटत असेल, ते दहा मिनिटांत कळतं.

आयसिंगचं मात्र नीट समजून घ्या, कारण क्लासमधली निम्मी रडारड हाताची नसून आयसिंगची असते. लोक घरून बटरक्रीम, म्हणजे लोणी-पिठीसाखरेचं आयसिंग, करून आणतात आणि प्रत्येकाचं वेगळं. गुलाबाला घट्ट लागतं, बॉर्डरला मध्यम, पानं आणि अक्षरांना सैल. सैल आयसिंगने गुलाब करायला बसलेल्या माणसाला तुम्ही कितीही शिकवा, पाकळ्या माना टाकणारच. मी दारातच तपासायचे. भांड्यात पॅलेट नाईफ उभा रोवायचा आणि भांडं हलवायचं. नाईफ जागचा हलला नाही तर घट्ट, कलायला लागला तर पिठीसाखर वाढवा. दुसरं, लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि आपला तळहात जवळपास तेवढाच गरम असतो. बॅग गच्च भरून वीस मिनिटं मुठीत धरली की आतलं बटरक्रीम पातळ होणारच. बॅग निम्मीच भरायला लावा. ज्यांचे हात फार गरम असतात, त्यांना अधूनमधून बॅग खाली ठेवून गार पाण्याखाली हात धरायला सांगा. सरावासाठी शॉर्टनिंगचं (डालड्यासारखं घट्ट वनस्पती तूप) आयसिंग बरं, ते टिकतं. चवीला मला विचाराल तर मेणबत्ती खाल्ल्यासारखं लागतं, पण सरावाचं आयसिंग खायचंय कुणाला?

गडद रंगाबाबत पहिल्याच दिवशी बजावा. लाल आणि काळा लगेच येत नाहीत, काही तासांनी आपोआप गडद होतात. नाहीतर लोक जेल रंगाची अख्खी बाटली ओततात आणि मग सगळ्या पाहुण्यांचे दात काळे.

आता दुकानाचं. तिथे तुम्ही एकाच वेळी शिक्षिकाही असता आणि विक्रेतीही, हे नोकरी घेतानाच मनात पक्कं करा. यात नवीन काही नाही. विल्टन कंपनीचे नोझल तुम्हीही वापरत असाल. ती कंपनी ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी १९२९ साली शिकागोत सुरू केली, तेव्हा ते आचारी आणि केटरिंगवाल्यांना साखरकाम शिकवत होते. क्लास आणि सामान यांचं नातं इतकं जुनं आहे. दुकानदाराला क्लासच्या फीपेक्षा क्लास संपल्यावर भरणाऱ्या टोपल्यांत जास्त रस असतो. त्यात गैर काही नाही, पण पहिल्या दिवशीच्या माणसाला पन्नास नोझलचा संच घ्यायला लावणं माझ्याच्याने होईना. त्यातल्या चाळीसांना कधी हात लागत नाही. अक्षरांना ३ नंबर, गुलाबाच्या शंकूला १२, पाकळ्यांना १०४, पानाला ३५२, मोठ्या चक्राकार फुलाला १एम, बॅग न उघडता नोझल बदलायला एक कपलर, बऱ्यापैकी बॅगा आणि केक फिरवायला न डगमगणारं टर्नटेबल. बास. मी हे क्लासमध्ये उघड सांगायचे. मॅनेजरने बोलावून घेतलं, थोडी खडाजंगी झाली. मी म्हटलं, ज्याला पहिल्या दिवशी गुलाब जमला तो पुढच्या आठवड्यात आपण होऊन येतो आणि दहा गोष्टी घेऊन जातो. ज्याच्या गळ्यात पन्नास नोझल मारले आणि गुलाब जमला नाही, तो पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. त्याला पटलं असं नाही म्हणणार, पण नंतर माझ्या वाटेला गेला नाही.

क्राफ्टच्या दुकानात आणखी एक धोका असतो, जो बेकरीच्या सामानाच्या दुकानात तेवढा नसतो. तिथे एका रांगेत केकची चमकी असते आणि पलीकडच्याच रांगेत कागदकामाची. डब्या दिसायला जुळ्या बहिणी. कागदकामाच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं असतं आणि लोक त्याचा अर्थ खायला चालेल असा घेतात. तसा तो नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये अशी चमकदार पूड वापरलेला वाढदिवसाचा केक खाऊन सहा लहान मुलं आजारी पडली होती, आयसिंगमध्ये तांबं सापडलं. खाण्याजोग्या चमकीवर घटकांची यादी असते आणि तसा स्पष्ट उल्लेख असतो. यादी नसेल तर ती केकवर जाणार नाही, असा माझा नियम होता. क्लासमधल्या कुणी आणलीच तर मी डबी स्वतःकडे ठेवायचे आणि जाताना परत द्यायचे. अंड्याचं आणि सुक्यामेव्याचं वावडं कुणाला आहे का, हेही आधी विचारा. वाळून कडक होणाऱ्या रॉयल आयसिंगच्या मेरँग पावडरमध्ये अंड्याचा पांढरा बलक असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दुकानात ठेवायला थर्मोकोलवर एक नमुन्याचा केक करून द्यायला सांगतील. माझा पहिला जांभळ्या फुलांचा होता, खिडकीत ठेवला. महिन्याभरात फुलं निळी झाली. एक बाई येऊन म्हणाल्या, मागच्या वेळचा जांभळा जास्त छान होता, तो कुठे गेला? तोच होता. जांभळा करताना निळ्यात गुलाबी मिसळतात, आणि त्यातला एरिथ्रोसिन हा गुलाबी रंग उजेडात फार कच्चा. तो उडाला की मागे निळा उरतो. नमुना खिडकीपासून लांब ठेवा, नाहीतर सरळ पांढराच करा.

पैशाचं थोडक्यात, पण हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका. मोबदला क्लासमागे की माणसामागे? किमान किती नावं आली तर क्लास होतो, आणि नाहीच झाला तर तुम्हाला काय मिळतं? माझ्या दुसऱ्या दुकानात आदल्या संध्याकाळी ‘तीनच नावं आलीत, रद्द’ असा निरोप यायचा. तोवर माझं आयसिंग तयार, रंग कालवलेले, बॅगा भरलेल्या. त्याचा एक पैसा कुणी दिला नाही. दोन तासांच्या क्लासला माझे खरे पाच तास जायचे, तेव्हा त्यांच्या आकड्याला दोनाने नाही, पाचाने भागून बघा. साहित्याचा खर्च कुणाचा, तेही लिहून घ्या.

आणि कृपा करून नळ बघून या. हसू नका. त्याच दुकानात क्लासच्या खोलीत फक्त गार पाणी होतं. गार पाण्याने लोणी जात नाही, नुसतं फिरतं. बारा माणसांचे साठ नोझल मी पिशवीत घालून घरी आणायचे आणि रात्री गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासायचे. बटरक्रीम थेट सिंकमध्ये तर कधीच धुऊ देऊ नका. आधी कागदाने पुसायचं, मगच पाणी. एकदा पाइप तुंबला आणि बोलणी मलाच बसली.

माणसं कशी येतात विचाराल तर सगळी. परवा मुलाचा वाढदिवस आहे म्हणून घाबरून आलेली आई. केकपेक्षा गप्पांना आलेल्या दोन मैत्रिणी, ज्यांना वेगवेगळं बसवलं की दोघींचंही काम सुधारतं. आणि एक निवृत्त गृहस्थ, ज्यांनी पाकळ्या मोजायला चष्मा लावला होता. सातवी पाकळी बसली नाही की अख्खा गुलाब खरवडून पुन्हा सुरू. त्यांना मी गुलाब पुरा करायला लावण्यात दोन आठवडे घालवले. हाताचा कंप असलेलेही येतात. त्यांना बॅग धरलेल्या हाताच्या मनगटाला दुसऱ्या हाताचं एक बोट टेकवायला सांगा, फरक लगेच दिसतो. मात्र कुणाच्याही हातातली बॅग घेऊन त्यांचं काम स्वतः पूर्ण करून देऊ नका. फार मोह होतो, विशेषतः घड्याळ पुढे पळत असताना. तो केक मग त्यांचा राहत नाही आणि त्यांनाही ते कळतं. दाखवायचंच असेल तर शेजारी, तुमच्या बॅगेने, वेगळ्या कागदावर.

घ्यावं का? मी घेतलं असतं, नळ बघून. पण होकार कळवण्याआधी एक करा. जिने आयुष्यात कधी पायपिंग बॅग धरली नाही अशी एखादी मैत्रीण बोलवा. स्वतःचे हात पाठीमागे बांधा आणि नुसत्या बोलण्यावर तिच्याकडून शिंपल्यांची एक ओळ काढून घ्या. नोझल ४५ अंशांत, दाबून फुगू द्यायचं, दाब कमी करत खाली ओढायचं, थांबायचं, मग उचलायचं, आणि पुढचा शिंपला आधीच्याच्या शेपटावर. वीस मिनिटांत तिचे सहा शिंपले एकसारखे आले तर दुकानाला फोन करा. नाही आले तर आपण कुठे अडखळलो ते लिहून काढा आणि दुसऱ्या मैत्रिणीला बोलवा. फक्त बोलावताना स्पष्ट सांगा की केक मिळणार नाहीये. सराव उपड्या केकच्या टिनावर करायचा असतो, आणि ते आयसिंग खरवडून पुन्हा बॅगेत जातं.