कुंडीतली भाजी: तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, पुण्यात टेरेसवर दहा-बारा कुंड्या आहेत. एप्रिल लागल्यापासून टोमॅटोला फुलं भरपूर येतायत पण सगळी गळून जातात, आणि कोथिंबीर तर वीतभर पण होत नाही तोवर फुलावर येते. नर्सरीवाला म्हणाला खत कमी पडतंय. कुठलं खत घालू?

उत्तर: खत घालूच नका प्लीज. झाडाला भूक नाहीये, ऊन सोसत नाहीये. दिवसा पारा ३५च्या वर आणि रात्री पण उकडत असेल तर टोमॅटोचे पराग नीट कामच करत नाहीत, मग फूल गळणारच, आणि अशात नत्राचं खत दिलं की नुसता पाला माजतो. कोथिंबिरीचं पण तेच, दिवस मोठा आणि तापलेला झाला की ती पानं सोडून बी धरायच्या मागे लागते. मला खरंच वाईट वाटतं, लोक मे महिन्यात टोमॅटो जगवायला पाण्यासारखा पैसा घालतात आणि त्याच कुंडीत तांदुळजा किंवा लाल माठ टाकला असता तर तीन-चार आठवड्यांत भाजी ताटात आली असती. उन्हाळा माठ, चवळी, गवार, भेंडीचा आहे हो, त्यांना तो आवडतो. (गवार-भेंडी मात्र फेब्रुवारीतच टोचायची.) टोमॅटोचं झाड अजून हिरवंगार असेल तर ५० टक्क्यांची शेड नेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) बांधा, कुंडीत वाळक्या पाल्याचा जाड थर द्या, पाणी सकाळी लवकर. फळाची आशा मात्र आत्ता सोडा. ऑगस्टमध्ये नवीन रोपं करायला टाका, सप्टेंबरमध्ये मोठ्या कुंडीत लावा, दिवाळीनंतर तोडा. कोथिंबीर, मेथी, पालक गणपती झाले की सुरू करायचे, आणि धणे नुसते टाकायचे नाहीत, चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, तोवर कुंडी उकरून बघू नका. एकदम सगळे न पेरता दर पंधरा दिवसांनी एक कुंडी पेरलीत तर थंडीभर ताजी मिळत राहील.

प्रश्न: कणकवलीजवळ आमची परसबाग आहे. मांडवावर दुधी छान चढलाय पण बोटाएवढा होतो, पिवळा पडतो आणि गळतो. पावसामुळे असेल का?

उत्तर: पावसाचा हात आहेच. पण आधी गळलेलं एक फळ चिरून बघा. आत अळ्या दिसल्या, सालीवर टोचल्याची खूण दिसली तर फळमाशी. मग गळलेलं एकही फळ वेलाखाली ठेवायचं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात टाकायचं, फळमाशीचा सापळा टांगायचा आणि कोवळ्या फळांना कागदी पिशवी घालायची, पावसात भिजली की बदलायची. अळी नसेल तर परागीभवन झालेलं नाही असं समजा, कारण सततच्या सरींमध्ये कीटक फिरत नाहीत आणि पराग भिजून जातात. हे काम हातानं करता येतं. ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो ते मादी, नुसत्या लांब देठावरचं ते नर. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून दिवे लागायच्या वेळेला जा (भोपळ्याची पिवळी मात्र पहाटे उमलतात, ती सकाळीच), नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मधोमध हळूच फिरवा. पाऊस आला तर त्या फुलावर रात्रभर कागदी टोपी घाला. आणि वेलाच्या बुडाशी पाणी साठू देऊ नका, मातीची भर घालून उंच करा.

प्रश्न: नागपूरला थंडीत गाजर लावलं, एकेकाला तीन-तीन फाटे फुटले. का?

उत्तर: रोपं करून मग हलवली होती का? गाजर हलवायचं नसतं, मुळाचं टोक दुखावलं की फाटे फुटतात, जिथे वाढवायचं तिथेच बी टाकायचं. कच्चं शेणखत आणि खडे यांनी पण हेच होतं. माती फूटभर खोल, चाळलेली, भुसभुशीत हवी, शेणखत पूर्ण कुजलेलं. दाटी झाली तर दोन-तीन इंचांवर एक ठेवून बाकीची उपटा, कोवळा पाला थालीपिठात मस्त लागतो.