टू-स्ट्रोक डर्ट बाइकच्या कार्ब्युरेटर हीटरला कूलंटची नळी कुठून कुठे न्यावी?

हा हीटर थंडीत कार्ब्युरेटर गोठू नये म्हणून तो इंजिनच्या गरम कूलंटने उबदार ठेवतो. सिलिंडर हेडमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या होजला टी (तीन तोंडांचा जोड) बसवा आणि गरम कूलंट तिथून हीटरकडे घ्या. परतीची नळी पंपाच्या सक्शनकडे, म्हणजे रेडिएटरच्या खालच्या होजला जोडा. दोन्ही टोकं एकाच होजवर घेतलीत तर दाबात फरकच राहत नाही. नळी भरलेली दिसते, पण कूलंट जागचं हलत नाही. मध्ये उंच कमान नको, तिथे हवा अडकते. एक्झॉस्टच्या फुगीर भागापासून लांब ठेवा, आणि टाकी बसवल्यावर नळी चेपत नाही ना, हे बोट घालून बघाच. इंजिन तापल्यावर परतीची नळी गरम लागली की समजा, काम झालं. उन्हाळ्यात बंद करता यावं म्हणून नळीच्या मध्ये छोटा कॉक (तोटी) टाका. गरम दिवसांत हा हीटर चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही, उलट मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं.