शहरात डेंग्यूची साथ आहे, मित्र परदेशात आणि त्याचे आईवडील इथे एकटेच. त्याला धीर कसा द्यावा?

'काळजी करू नकोस' हे वाक्य आधी सोडून द्या. तो तिकडे बसून दिवसभर साथीचे आकडे वाचतोय, त्या आकड्यांपुढे हे वाक्य टिकत नाही. "काकांना सकाळी १०१ ताप होता, दुपारी उठून आंघोळ केली, रिमोटवरून काकूंशी भांडले" असं काहीतरी तुम्ही स्वतः बघून कळवलंत तर त्याला रात्री झोप लागेल.

मी हे चूक करून शिकलोय. माझ्याही शाळेपासूनच्या मित्राचे आईवडील असेच एकटे होते. त्याच्या वडिलांना डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी थर्मामीटर ९८.६ वर आला आणि मी खुशीत लिहिलं, "ताप गेला. आता निर्धास्त झोप." पहाटे काकूंचा फोन. काकांच्या पोटात कळा येत होत्या, उलट्या थांबत नव्हत्या. ॲडमिट करावं लागलं, सलाइन लावलं, चार दिवसांनी घरी आले. पण पुढचा आठवडाभर माझ्या प्रत्येक मेसेजला मित्राचा एकच प्रश्न, "खरं सांगतोयस ना?"

ताप उतरला की संकट टळलं, हा हिशेब डेंग्यूत चालत नाही, हे मला तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि नाजूक असतात ते त्यानंतरचे २४ ते ४८ तास. काही रुग्णांत रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) झिरपायला लागतो, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ किंवा अस्वस्थपणा यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. तरी बहुतेक जण एक-दोन आठवड्यांत बरे होतात, आणि गंभीर झालेल्यांतही नीट उपचार मिळाले तर मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली असतं. हे मित्राला जरूर सांगा, पण तापाचा काटा खाली आला की पुढचे दोन दिवस जास्त लक्ष ठेवणार आहोत हेही त्याच मेसेजमध्ये सांगून टाका.

दुसरं म्हणजे लपवालपवीत सामील होऊ नका. "त्याला उगाच कशाला सांगतोस, तो येऊ थोडाच शकणार आहे?" असं काका मला म्हणालेच होते. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. त्यांनीच सांगितलं. (दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, ते सोडा.)

आणि त्याला काम द्या. लांबच्या माणसाला सगळ्यात जास्त खातं ते हातात काही नसणं. विम्याचे कागद, जुनी प्रिस्क्रिप्शनं त्याच्याकडे असतील. काका हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेतात हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच नव्हतं, मित्राने आठवण केली. डेंग्यूत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन रक्तस्राव वाढवू शकतात, तापाला पॅरासिटामॉलच देतात. रोजची गोळी थांबवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना कळायला तर हवं!

अजून कोणी आजारी नसेल तर एक दिवस घरी जाऊन व्हिडिओ कॉल लावा आणि साचलेलं पाणी शोधा. डेंग्यूचा डास चावतो दिवसा आणि वाढतो घरातल्याच पाण्यात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं उपसून घासायचं. आम्ही कुंड्या, बादल्या, कूलर सगळं बघितलं होतं. अळ्या निघाल्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. टॉर्च मारल्यावर वळवळत तळाशी गेल्या, मित्राने तिकडून बघितल्या. उशीरच झाला होता, कारण काका घरी आल्यावर अडीच आठवड्यांनी काकूंना ताप भरला.

या वेळी रोज रात्री साडेआठला एकच मेसेज ठरला होता: ताप किती, पोटात पाणी किती गेलं, लघवी किती वेळा. तिसरा प्रश्न काकूंना विचारायला मला कानकोंडं व्हायचं, पण चार-सहा तासांत एकदाही झाली नाही तर शरीरात पाणी कमी पडतंय असं समजायचं. शेवटी काकांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा ओढायला घेतल्या आणि मी त्याचा फोटो पाठवायला लागलो. पाचव्या दिवशी ताप उतरला. मी लिहिलं, "ताप उतरलाय, आता दोन दिवस डोळ्यात तेल घालून." पाच मिनिटांत उत्तर आलं, "आज तीनच रेघा? पाणी टाळतेय ती. फोन दे तिला."