हिप रिप्लेसमेंटनंतर वडिलांना रात्री झोप लागत नाही, दुखणं कमी कसं करायचं?

ऑपरेशनला १० दिवस झाले, दिवसा वॉकर घेऊन फिरतात आणि रात्री एक वाजला की कण्हायला लागतात, असं तुम्ही लिहिलंय. डिट्टो माझी गोष्ट. मी रत्नागिरीकडचा, आंब्याची बाग आहे, ५१व्या वर्षी उजवा खुबा बदलला कारण एव्हीएन झालं होतं, म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच बंद पडलेला. ऑपरेशन कोल्हापूरला केलं.

पहिलं विचारतो, दुखण्याची संध्याकाळची गोळी ते खरंच घेतात का? मी नाही घ्यायचो. बरं वाटतंय तर कशाला उगाच पोटात औषधं, असं म्हणून टाळायचो आणि मग रात्री ठणका सुरू झाला की गोळी शोधायची, तिचा असर व्हायला पाऊण तास, तोवर सगळं घर जागं. फिजिओने झापलं, म्हणाला घड्याळ बघून घ्या, दुखणं बघून नको. त्या दिवसापासून फरक पडला. आपल्याकडची जुनी माणसं सहन करतात आणि वर सांगतात काही दुखत नाही, तेव्हा विचारू नका, गोळी हातात द्या. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधीपण एक डोस येईल असं टायमिंग डॉक्टरांकडून लावून घ्या.

पण गोळ्यांवर काय लिहिलंय ते वाचा. माझ्या गोळीत ट्रॅमाडॉल (जोरदार दुखण्यावरचं औषध) आणि पॅरासिटामॉल दोन्ही होतं आणि मी शहाणा वरून डोलो घेत होतो, म्हणजे पॅरासिटामॉल डबल! सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, वय जास्त किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टर त्याहून कमी सांगतात. आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असणारच, त्यावर मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी दुसरी दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो, किडनीलापण वाईट. ट्रॅमाडॉलने पोट साफ होत नाही, चक्कर येते. कुंथायला लागलं की खुबा अजून दुखतो, त्यामुळे पोटाचं औषध पहिल्या दिवसापासून मागायला पाहिजे होतं असं मला आता वाटतं.

रात्रीच का दुखतं, तर दिवसभर चालून संध्याकाळपर्यंत सूज चढते आणि मग एकाच कुशीवर आखडून पडायचं. झोपायच्या आधी बर्फ लावा, टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं, जखम ओली होऊ द्यायची नाही. आमच्याकडे पावसात लाईट जायची, मग बायको मासेवालीकडून बर्फ आणायची, डबल पिशवीत घालूनपण बांगड्याचा वास यायचा, असो. पायांच्या मधे जाड उशी ठेवा. खाट बुटकी असेल तर उंच करा, आम्ही खाटेच्या पायांखाली चिऱ्याचे तुकडे नीट बसवले, हलत नाही ना बघून. पाट, जमिनीवर मांडी, भारतीय संडास सध्या बंद, कमोडची खुर्ची मेडिकलमध्ये मिळते. खुबा ९० अंशांच्या वर वाकवायचा नाही हे मला सांगितलं होतं, तुमच्या सर्जनचे नियम वेगळे असू शकतात, विचारून घ्या.

शेजारची काकी निर्गुडीचा पाला आणि तेल घेऊन आली होती, तिला चहा पाजून परत पाठवली. ताज्या जखमेवर शेक नको आणि पोटरीला मालिश तर अजिबात नको, तिथे रक्ताची गुठळी असेल तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली तर तसंच डॉक्टरकडे न्या, दम लागला, छातीत दुखलं तर सरळ अँब्युलन्स. जखमेतून पाणी, ताप, किंवा अचानक भयंकर कळ येऊन पाय आखूड नाहीतर वाकडा दिसला, तरी थांबू नका.

टाके काढायला लांब जायचं असेल तर निघायच्या वेळेला गोळीचा डोस जुळवा. मला आंबा घाटातून जायचं होतं, सीट मागे सरकवून खाली घट्ट उशी घेतली आणि साखरप्याला उतरून दहा पावलं चाललो, तरी कोल्हापूर येईस्तोवर जीव गेला, कारण गोळी घरीच राहिली होती.

रात्रीचा डोस किती वाजता देता आणि गोळीवर काय लिहिलंय ते कळवा, म्हणजे माझ्या वेळेला काय होतं ते सांगता येईल.