तिखट लागतं की झोंबतं?

प्रश्न असा आला आहे: 'तिखट ही चव नसून वेदना आहे, असं वाचलं. मग षड्रसांत तिखट कसं? आणि "तिखट चव" म्हणणं चूक का?'

वाचलंत ते खरं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन रुचिकलिकांच्या वाटेला जातच नाही. ते चिकटतं टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला, म्हणजे मज्जातंतूंवरच्या संवेदना टिपणाऱ्या एका प्रथिनाला, आणि हा ग्राही मुळात उष्णतेचा पहारेकरी. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो मेंदूला 'भाजतंय' म्हणून कळवतो. कॅप्सेसिन लागलं की तीच वर्दी त्याहून कमी तापमानालाही जाते. मिसळीवर गरम चहा घेतला की जीव का जातो, ते यावरून कळेल. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राही १९९७ मध्ये ओळखला. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा आहे.

आता मराठी क्रियापदं पाहा. साखर गोड लागते, चिंच आंबट लागते. मिरची तिखट लागते खरी, पण ती झोंबतेही. झोंबणं जिभेपुरतं नसतं: जखमेला औषध झोंबतं, पहाटेचा वारा झोंबतो. मिरच्या चिरल्या की हातांची आग होते, आणि कुणाचं बोलणं लागलं की मिरच्या झोंबतात त्या नाकाला. डोळ्यात साखर गेली म्हणून ती कुणाला गोड लागलेली नाही! विशेषणाने तिखटाला चवींच्या पंगतीत बसवलं, क्रियापदाने मात्र त्याची खरी जात ओळखली.

'तिखट' शब्दही मुळात चवीचा नाही. तीक्ष्ण, प्राकृतात तिक्ख, त्यावरून तिखट, म्हणजे धारदार. म्हणून तर कानही तिखट असतात.

षड्रसांच्या जुन्या यादीत 'तिखट' हा शब्द नाही, तिथे 'कटु' आहे. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. संस्कृतातला कटु म्हणजे आपलं तिखट, आणि तिक्त म्हणजे आपलं कडू. मराठी 'कडू' आला कटुपासूनच, पण वाटेत अर्थ बदलून. हिंदीत मोहरीच्या तेलाला 'कड़वा तेल' म्हणतात, त्यात जुना अर्थ अजून तग धरून आहे.

मिरची तर पोर्तुगीजांबरोबर आली. तिचं नावसुद्धा मिरीच्या 'मरिच'वरून पडलेलं. त्याआधीचं तिखट म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, आयुर्वेदातलं त्रिकटु. गंमत म्हणजे या तिघींतली झणझणीत द्रव्यंही टीआरपीव्ही१ लाच चाळवतात. ग्राहीचं नाव ठाऊक नसताना केलेली ही वर्गवारी मला तरी थक्क करते. मोहरीचं प्रकरण वेगळं. तिचा ग्राही दुसरा, टीआरपीए१, आणि तिचं द्रव्य उडून जाणारं, म्हणून तिचा झणका थेट नाकात.

तेव्हा षड्रसांत चूक काढू नये. 'रस' म्हणजे तोंडात पदार्थ घातल्यावर येणारा एकूण अनुभव, रुचिकलिकांची हजेरी नव्हे. तुरटाचंही तसंच: त्यात टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं, तो बराचसा स्पर्शच. जेवताना 'तिखट चव' खुशाल म्हणा. शरीरशास्त्रावर लिहिताना मात्र 'तिखटाची जाणीव' म्हटलेलं बरं.