खुनी सापडल्यानंतरचा रविवार

गेल्या अंकात अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या छोट्या गावांत घडणाऱ्या ख्रिस्ती रहस्यकथांवर मी चार ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, थोडे निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते, तिथल्या लायब्ररीतून एक पुस्तक आणलं. दीपगृह, बेकरी, चर्च आणि एक खून. पण रक्त नाही, शिवी नाही, आणि दर दोन प्रकरणांनी कोणीतरी डोळे मिटून प्रार्थना करतंय. हा नक्की काय प्रकार आहे? (डोंबिवली)

ह्याला तिकडे कोझी मिस्टरी म्हणतात आणि तुमच्या हाती लागलं ते त्यातलं ख्रिस्ती घराणं. कोझीमध्ये खून होतो पण पडद्याआड होतो, प्रेत दिसलंच तर लांबून, आणि तपास करणारी व्यक्ती पोलीस नसते, बेकरीवाली असते, लायब्ररीतली बाई असते, नाहीतर रिटायर्ड शिक्षिका, जिला गावातल्या प्रत्येकाची कुंडली पाठ आहे. ख्रिस्ती कोझीत ह्यावर आणखी एक थर चढतो, की ही बाई दर रविवारी चर्चला जाते आणि तिचा देवाशी रोजचा बोलण्याचा संबंध आहे.

आता शिवी का नाही, तर त्यामागे भक्ती आहे तसा धंदाही आहे. अमेरिकेत ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानदारांची वेगळी संघटना १९५० मध्येच निघाली, आणि त्या दुकानात येणारं गिऱ्हाईक ठरलेलं, नातीला पुस्तक देण्याआधी स्वतः वाचून बघणाऱ्या आज्या. एकही आजी पुस्तक परत घेऊन काउंटरवर यायला नको म्हणून शिव्या बंद, बेडरूमचं दार बंद, दारूच्या ग्लासालासुद्धा बरेच प्रकाशक नाक मुरडायचे. गाइडपोस्ट्स नावाचं १९४५ पासूनचं एक मासिक आहे, त्यांनी तर वर्गणीदारांना पोस्टाने घरपोच जाणाऱ्या अशा रहस्यमालिका काढल्या, त्यातली एक मार्थाज व्हिनयार्ड ह्या बेटावर घडते. मोठ्या कंपन्यांनाही वास लागलाच, हार्परकॉलिन्सने १९८८ मध्ये झोंडरव्हॅन आणि २०१२ मध्ये थॉमस नेल्सन ही दोन्ही मोठी ख्रिस्ती प्रकाशनं विकत घेतली.

खरं सांगू का, ह्यातली बरीच पुस्तकं बिनमिठाच्या पेजेसारखी असतात. पण जी चांगली असतात ती फारच चांगली असतात, ती का ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : झुंजारच्या गोष्टी वाचत मोठा झालेला माणूस आहे मी. नायिका प्रार्थना करणार आणि देव तिला सुचवणार, मग तपास कसला? ही सरळसरळ चीटिंग नाही का? (पुणे)

काका, चीटिंगच आहे, आणि मजा म्हणजे हे ठणकावून कोणी सांगितलं तर एका पाद्रीबाबांनी. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधले कॅथलिक धर्मगुरू, स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेच्या चक्क दहा आज्ञा लिहून काढल्या. दुसरी आज्ञाच अशी की अलौकिक शक्ती वगैरे अजिबात चालणार नाही. आणखी एक आज्ञा अशी की डिटेक्टिव्हला कधी योगायोगाने मदत व्हायची नाही आणि कारण न देता मनात आलेली खात्री खरी निघायची नाही. पुढे १९३० मध्ये लंडनच्या लेखकांनी डिटेक्शन क्लब काढला, त्याचे पहिले अध्यक्ष लेखक जी. के. चेस्टरटन, म्हणजे तेही पक्के श्रद्धाळू कॅथलिक, आणि तरी क्लबात शिरताना शपथ काय घ्यायची, तर माझा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, बायकांची अंतःप्रेरणा, योगायोग आणि देवाची करणी ह्यांच्यावर भिस्त ठेवणार नाही! (बायकांची अंतःप्रेरणा त्या यादीत घालणाऱ्यांना माझी आई भेटायला हवी होती.)

मग श्रद्धेला काम काय उरतं? चेस्टरटनच्या गोष्टींतले डिटेक्टिव्ह पाद्री फादर ब्राऊन बघा, पहिली गोष्ट १९१० ची. त्यात फ्लॅम्बो नावाचा चोर पाद्र्याचा वेश करून त्यांच्यासोबत फिरतोय, आणि गप्पांच्या ओघात तो माणसाच्या बुद्धीलाच नावं ठेवतो, तिथे फादरांना पक्कं कळतं की हा आपल्यातला नाही कारण खरा धर्मगुरू विवेकाला असं झिडकारणार नाही. म्हणजे इथे आकाशवाणी झाली नाही, फादरांना स्वतःचा विषय येत होता एवढंच. शिवाय लोकांची पापं ऐकण्यात आयुष्य गेल्यामुळे माणूस काय काय करू शकतो हे त्यांना पोलिसांपेक्षा जास्त ठाऊक.

मी स्वतः एक साधी कसोटी लावते. प्रार्थना संपली आणि नायिकेची नजर नेमकी गालिच्याखालच्या चिठ्ठीवर गेली, तर पुस्तक मिटायचं. पण प्रार्थना करताना तिला आठवलं की शेजारणीवर आपण भर बाजारात उगाच आळ घेतला, लाज वाटून ती माफी मागायला गेली, आणि माफी मागितली म्हणून शेजारीण पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली आणि त्या बोलण्यात धागा सापडला, तर तिथे देवाने पुरावा दिला नाही, बाईला वागायला लावलं, आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही.

दुसरं म्हणजे शेवट. साध्या कोझीत खुनी पोलिसांच्या गाडीत बसला की बाकीचे कॉफी प्यायला मोकळे. ख्रिस्ती कोझीत मात्र पुढचा रविवार येतो. त्याच चर्चमध्ये, त्याच बाकावर खुन्याची बायको बसलेली आहे, मेलेल्याची आई दोन रांगा सोडून बसलीय, आणि जी प्रार्थना सगळे मिळून म्हणतात तिच्यात आम्ही आमच्या ऋण्यांस क्षमा केली आहे असं वाक्य आहे. ते त्या आईने म्हणायचं का गप्प राहायचं? हे पान ज्या लेखिकेला लिहिता येतं तिची पुस्तकं मी शोधून वाचते, आणि जी हे पान टाळून थेट केकच्या रेसिपीवर जाते (हो, बऱ्याच कोझींत शेवटी खरंच रेसिपी असते), तिला माझा लांबून नमस्कार.

प्रश्न : पण समुद्रकाठच का? आम्ही विदर्भातल्या लोकांनी काय घोडं मारलंय? (नागपूर)

तुम्ही काहीच मारलं नाही हो, पण समुद्र लेखकाला फुकटात घड्याळ देतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे, त्याच्या समोर बार आयलंड. ओहोटीला मधला वाळू-खडीचा पट्टा उघडा पडतो आणि माणसं चालत, गाडीने सुद्धा, पलीकडे जातात. पण ही सोय ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास एवढीच, मग पाणी वाट बुजवतं, आणि पलीकडे गाडी लावून निवांत फिरणाऱ्या टुरिस्टांच्या गाड्या खरोखर पाण्याखाली जातात. आता विचार करा, एखादा म्हणतो मी सातला बेटावरून चालत आलो, आणि भरती-ओहोटीचं कोष्टक म्हणतं की सातला तिथे पुरुषभर पाणी होतं. झालं की काम! त्याच राज्यात ईस्टपोर्टला तर भरती आणि ओहोटीतला फरक साधारण १८ फूट असतो.

लॉबस्टरवाल्यांचंही तसंच. प्रत्येकाच्या पिंजऱ्यांवर तरंगणारा जो बोया असतो त्याचा रंग ठरलेला, लायसन्सवर नोंदवलेला, आणि तोच बोटीवर दाखवावा लागतो. एका माणसाला जास्तीत जास्त ८०० पिंजरे. दुसऱ्याचा पिंजरा उचलणं किंवा दोर कापणं हा गुन्हा आहे आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैरं चालतात. लेखकाला खुनाचं कारण शोधायला लांब जावंच लागत नाही, शिवाय उन्हाळ्यात येणारे पैसेवाले आणि हिवाळ्यात उरणारे गावकरी हे भांडण आहेच.

आणि चर्चसुद्धा तिथे पाण्यावरून येतं. १९०५ मध्ये मेनच्या किनाऱ्यावर एक मिशन सुरू झालं, त्यांची सनबीम नावाची बोट अजून बेटाबेटांवर जाते, पाळक आणि नर्स घेऊन, लोक तिला देवाची टगबोट म्हणतात. हिवाळ्यात एकाकी बेटावर ही बोट लागली की सगळं गाव तिच्या केबिनमध्ये गरम काहीतरी खायला जमतं. संशयितांना एका खोलीत गोळा करायला ह्याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही!

टीव्हीवर ज्या मालिकेने हा साचा घरोघरी नेला, मर्डर, शी रोट, १९८४ ते १९९६, तिचं मेनमधलं काल्पनिक गाव चित्रित मात्र कॅलिफोर्नियात मेंडोसिनोला झालं, म्हणजे सूर्य जिथे समुद्रातून उगवायला हवा त्या गावासाठी सूर्य समुद्रात बुडणारा किनारा. मालिका ख्रिस्ती नव्हती, पण गाव तिनेच शिकवलं.

नागपूरवर लिहायचं तर लिहा की, फुटाळा तलाव आहे. भरती येणार नाही एवढंच.

प्रश्न : मांजर कंपल्सरी आहे का? (सांगली)

नाही. कुत्रा चालतो.

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकसाहेब असतात, त्यांना बायको-मुलं असतात, सभेनंतर प्रीतिभोजन असतं. ही अमेरिकन पुस्तकं वाचताना मला सिनेमातल्यासारखं मेणबत्त्या आणि कन्फेशनचं चर्च दिसलंच नाही, उलट सगळं आमच्या घरचंच वाटलं. असं कसं? (अहिल्यानगर)

कारण नातंच आहे! ही पुस्तकं बहुतेक प्रोटेस्टंट वाचकांसाठी लिहिलेली असतात, त्यामुळे पाळक, पाळकबाई, बायबल अभ्यास, प्रार्थनेचा गट, आणि हो, चर्चच्या तळघरात प्रत्येकाने एकेक डबा आणून केलेलं जेवण. बातमी पसरवायला प्रार्थनेच्या गटासारखं साधन नाही, कारण "तिच्यासाठी प्रार्थना करा" म्हणताना तिचं काय झालंय ते सांगावंच लागतं ना.

आणि तुमच्या नगरची गोष्ट तर थेट त्याच किनाऱ्याला जाऊन भिडते. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम ह्या बंदराच्या गावी फेब्रुवारी १८१२ मध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली, त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तिथून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, पुढे नगरला गेलं, १८४२ मध्ये नगरहूनच ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं. म्हणजे कोझीतलं ते पांढऱ्या लाकडाचं टोकदार चर्च आणि तुमची मंडळी ही एकाच आजीची नातवंडं. आणि मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, १८५७ ची यमुनापर्यटन, लिहिली बाबा पदमनजींनी, तेही ख्रिस्तीच. खून नाही तिच्यात, पण विधवांचे जे हाल आहेत ते खुनाहून कमी नाहीत.

प्रश्न : मी वसईची, शाळेत शिकवते. मला आमच्या गावावर अशी गोष्ट मराठीत लिहायचीय. डिटेक्टिव्ह म्हणून फादर घेऊ का? खुनी त्यांच्याकडे पापनिवेदनाला येतो आणि ते हुशारीने पोलिसांना इशारा देतात असं डोक्यात आहे. (वसई)

लिहाच, पण हा इशारा काढून टाका, तुमचे पहिले वाचक वसईचेच असणार आणि तिथेच पुस्तक पडेल. पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूने कोणत्याही कारणाने, कोणत्याही पद्धतीने फोडायचं नाही असा चर्चचा कायदा आहे, थेट फोडलं तर आपोआप बहिष्कार आणि तो उठवण्याचा अधिकार फक्त रोमकडे. नुसतं बोलायचं नाही एवढंच नाही, ते ऐकलेलं त्या माणसाचं नुकसान होईल अशा रीतीने वापरायचंही नाही. म्हणजे फादर त्या माणसाला चर्चच्या किल्ल्यांचं काम देत असतील तर दुसऱ्या दिवशी किल्ल्या काढून घेता येणार नाहीत, कारण गाव विचारेल का.

आणि इथेच तुमची खरी गोष्ट आहे बघा. फादरना डिटेक्टिव्ह करू नका, त्यांना सगळं माहीत असलेलं बंद दार करा. तपास करू दे एखाद्या टीचरला, वेदीवर फुलं मांडणारीला, जिला एवढंच दिसतंय की फादर हल्ली जेवत नाहीत आणि ठरावीक एका माणसाशी जरा जास्तच प्रेमाने वागतायत. फादर तिला थांबवू शकत नाहीत आणि मदतही करू शकत नाहीत.

काळ जून-जुलैचा घ्या, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पुरुष घरी, उधारीचे हिशोब निघालेले. आणि रहस्य हवं तर घंटा घ्या. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या, वाईजवळ मेणवलीला १७०७ सालची आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात १७२१ ची. समजा गावातल्या एखाद्याला जुन्या वहीत अशाच एका हरवलेल्या घंटेची नोंद सापडली, आणि ती वही विकायला निघालेला माणूस विहिरीत सापडला. फक्त घंटेवरून हिंदू-ख्रिस्ती भांडण पेटवू नका, ते सोपं आहे आणि खोटंही, मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि लोक तिला हात जोडतात.

मरणारा माणूस असा निवडा की निदान पाच जणांचा त्याच्यावर राग असेल आणि एकाचं तरी खरं प्रेम असेल, नाहीतर मिस्सेच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) प्रकरणात रडायला कोणी उरत नाही. बोली कुपारी ठेवायची की प्रमाण, हे संवादापुरतं कुपारी ठेवा, आम्हाला कळतं. पहिली तीन प्रकरणं झाली की पाठवा, फक्त टाइप करून पाठवा, हस्ताक्षर सुंदर आहे तुमचं पण माझा चष्म्याचा नंबर वाढलाय.